माऊलीच्या पेटीतल्या होड्या

कोळवण, ता. मुळशी
मंगळवार, २३ जुलै २०२४

चि. साधना हिस,
अ. उ. आ. वि. वि.

शुक्रवार, १९ जुलै, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. वेळ आधी लिहिली, कारण यापुढे जो तो ती आपल्या सोयीनं सरकवील. बाराची घंटा झाली, मुलांनी हात जोडून प्रार्थना म्हटली आणि जेवणाआधी हात धुवायला रांगेनं नळाकडे गेली. नळामागची भिंत पडली. रांगेत चौदा मुलं होती. तेरा मागे पळाली. तिसरीतली जुईली नळाला तोंड लावून पाणी पीत होती.

रंभाबाईची नात. पोरीचे आईबाप माण गावी कामाला, म्हणून ती आजीजवळ राहायची. रंभाबाई आपल्या शाळेत सतरा वर्षं आया आहे हे मी तुला काय सांगू, त्यातली अकरा तर तुझ्याच हाताखाली गेली. विटा तिनं स्वतःच्या हातांनी उपसल्या. सकाळी तिनंच घातलेल्या वेणीची हिरवी रिबीन आधी दिसली.

शनिवारी नदीकाठी सगळं उरकलं. तुझ्या जागी आलेल्या नव्या मुख्याध्यापिका येऊन लांब उभ्या राहिल्या. मॅनेजर फादरांनी माणूस पाठवला. काल सोमवारी चार वाजता शाळेत बैठक झाली. फादरांनी टाइप केलेला कागद वाचला. भिंत जुनी, पाऊस अतोनात, कुणाचीही लेखी तक्रार प्राप्त नाही, आणि त्या वेळी नळापाशी उभं राहणं हे आयाचं काम असताना ती जागेवर नव्हती. नव्हतीच. दुसरी बाई रजेवर म्हणून ती खिचडी वाढत होती. ते कागदावर नाही.

जिल्हा परिषदेत मी एकतीस वर्षं स्टेनो होते. ‘लेखी तक्रार प्राप्त नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की माझ्या बोटांना ते पाठ आहे. त्याच्यामागे नेहमी कुणीतरी लपलेलं असतं.

तेवढ्यात रंभाबाई उठली आणि म्हणाली, की दिलं हुतं की लिवून. गेल्या साली तीन डाव दिलं. माऊलीच्या पेटीत टाकलं. मागे कुणीतरी हसलं. फादरांनी तिला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं, की बाई, ती पेटी प्रार्थनेची आहे, तक्रारीची नाही.

ही पेटी तूच ठेवलीस. चॅपलच्या दाराशी, पत्र्याची, निळी. ज्याला जे हवं त्यानं ते लिहून टाकायचं, वर्षभर कुणी उघडायची नाही, आणि पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झालं की, मरियामातेच्या, म्हणजे आपल्या माऊलीच्या, सणाला सगळ्या चिठ्ठ्या न वाचता तिच्या पुतळ्यापुढे जाळायच्या. धूर वर गेला की मागणं पोचलं. खोऱ्यातल्या बायका पोराच्या नोकरीपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळं त्या पेटीत टाकतात. सतरा वर्षांत रंभाबाईनं फादरांच्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नाही. भिंतीचं ती दुसरीकडे कुठं सांगणार होती?

तिला कामावर येऊ नको म्हणून निरोप गेलाय. सोळा ऑगस्टला पौडहून चौकशीचे साहेब येणार आहेत. त्यांच्या फाइलीत फादरांचा तो एकच कागद असला, तर नातीच्या मरणाला आजी जबाबदार असं कायमचं लिहिलं जाईल. तिनं घरात देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी ठेवलेली माऊलीची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

तू मे महिन्यापर्यंत मुख्याध्यापिका होतीस. भिंतीबद्दल ती तुझ्याशी कधी बोलली असेल, तर दोन ओळी लिहून पाठव. फोनवर सांगू नको, फोनवरचं वाऱ्यावर जातं.

गुडघ्याला तेल लावत जा. देवावर तुझा लोभ आहेच, त्यातला थोडा आमच्यासाठीही ठेव.

तुझी आक्का,
आशालता


संगमनेर
रविवार, २८ जुलै २०२४

ती. आक्कास,
साधनेचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बातमी इथं आधीच आली होती. मठातल्या सगळ्याजणी नऊ दिवसांची प्रार्थना करत आहोत, जुईलीसाठी आणि रंभाबाईसाठी. मठात नव्यानं आलेल्या मुली अजून लहान आहेत, मृत्यू म्हटलं की त्यांना रडू येतं. मी त्यांच्यापुढे रडत नाही.

आक्का, तू चिडणार हे मला माहीत होतं. बोर्डिंगमध्येही जेवणात खडा लागला की मदरसमोर ताट घेऊन उभी राहणारी तूच. पण या वेळी सबुरीनं घे. आपण ख्रिस्ती त्या खोऱ्यात मूठभर माणसं. शाळेत दीडशे मुलं, त्यांत आपली सहा. इतकी वर्षं गावानं आपल्याला आपलं म्हटलं. दिवस कसे आहेत ते तू पेपरात वाचतेसच. उद्या बाहेरचं कुणी येऊन फाटकावर उभं राहिलं, तर भिंतीचं राहील बाजूला आणि शाळाच जाईल. मग दीडशे मुलं कुठं जातील? फादर जे करतात ते कदाचित यासाठीच असेल.

रंभाबाई माझ्याशी भिंतीबद्दल कधी बोलली नाही. हे मी देवाला स्मरून लिहिते. पेटीतल्या चिठ्ठ्या आपण वाचत नाही, हे तुला ठाऊकच आहे. त्या माऊलीच्या. बिचारी जुईली आजीसाठी बसून लिहायची, त्याची होडी करून टाकायची, त्यातलं काय कुणाला कळणार? ते तिच्या आणि माऊलीच्या मधलं.

गुडघा बरा आहे. तुझी खोकल्याची बाटली संपली असेल, डॉक्टरांकडे जाऊन ये. रंभाबाईला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, सिस्टर रोज आठवण काढते.

तुझ्या रागातही माझ्यासाठी जागा असू दे.

तुझी धाकटी,
साधना


कोळवण
गुरुवार, १ ऑगस्ट २०२४

चि. साधना हिस,
आशीर्वाद. या वेळी अनेक आणि उत्तम लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून, दुसऱ्यांदा ख्रिस्ती म्हणून, तिसऱ्यांदा स्टेनो म्हणून. तिसऱ्यांदा सापडलं.

चिठ्ठ्या जुईली लिहायची हे मी तुला कळवलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. त्यांची होडी करायची, हे तर मी या जन्मी ऐकलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर रंभाबाईच्या घरी जाऊन विचारलं. ती म्हणाली, व्हय, पोरगीच लिवायची, मला कुटं येतंय. दार लावून लिवायची, माऊलीचं हाय म्हणायची. होडी केली की कुणाला वाचता येत न्हाई, असं तिचं म्हणनं. हे तिनं किंवा पोरीनं आणखी कुणाला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. न्हाई, म्हणाली.

म्हणजे होडी पेटीतून निघाल्यावरच कुणीतरी पाहिली. पेटीची किल्ली तुझ्या कमरेला असायची.

मग मला एकेक आठवायला लागलं. कोंडिबाच्या पोराला बूट हवे होते, सणानंतर आठवड्यात बूट आले, बरोबर मापाचे. कुणाच्या आईला चष्मा मिळाला. कुणाचा बाप दारू पिऊन मारतो म्हणून तू त्याच्या घरी जाऊन बसलीस, आणि सगळं खोरं म्हणालं, माऊली ऐकते. मीही म्हटलं. मी मेणबत्ती लावली, साधना. साठी उलटलेल्या बाईनं तुझ्या हातचलाखीपुढे गुडघे टेकले.

नवल मला वाटायला नको होतं. कॉन्व्हेंटात दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायचे, सिस्टर ते वाचायच्या आणि मगच पाकीट चिकटवायची परवानगी. मी त्या पत्रांत खोटं लिहायला शिकले. तू त्या सिस्टरांच्या जागी बसायला शिकलीस.

बुटांबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. भिंतीचं सांग. होडीत काय होतं आणि ते वाचून तू काय केलंस?

आणि फाटकाचं म्हणशील, तर गाव फाटकावर येऊन गेलं. सोमवारच्या बैठकीनंतर बायका भाकऱ्यांची टोपली घेऊन आल्या होत्या, रंभाबाई तिथं उपाशी बसली असेल म्हणून. दगड कुणाच्या हातात नव्हता. भीती तुम्हाला गावाची वाटत नाही, कागदाची वाटते.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

आशालता


संगमनेर
सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

ती. आक्का,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू? तरी लिहिते.

मी वाचत असे. पहिल्या वर्षी वाऱ्यानं एक चिठ्ठी उघडली आणि नजर पडली. एका मुलीनं लिहिलं होतं, की माऊली, मला शाळेत झोप येते कारण रात्री जेवण नसतं. ते वाचून मी ती जाळू शकले नाही. त्यानंतर दर वर्षी चौदा ऑगस्टला, शाळा सुटल्यावर, चॅपलमागच्या खोलीत कडी लावून सगळ्या वाचत असे. पुन्हा जशाच्या तशा घडी घालत असे. वाटायचं, माऊलीला हात नाहीत, माझे आहेत.

गेल्या वर्षी तीन होड्या होत्या. पहिलीत होतं, माऊली, नळाची भिंत हात लावला की हलते असं आजी म्हणते. दुसरीत, भिंतीपलीकडे बंगल्यावाल्यांनी बागेसाठी मातीचा ढीग लावला आहे, त्यांना सांग. तिसरीत, मी तुला तिसऱ्यांदा सांगते, आजी म्हणते माऊली कामात असेल.

मी हसले, आक्का. त्या तिसऱ्या होडीला मी हसले.

सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोळा ऑगस्टला, फादरांशी बोलले. त्यांनी विचारलं, कोण म्हणतं? लेखी काही आहे का? मी गप्प राहिले. चिठ्ठीचं सांगितलं असतं, तर मी लोकांच्या प्रार्थना वाचते हे बाहेर पडलं असतं, आणि त्या पेटीत पुन्हा कुणी काही टाकलं नसतं. आणि लेखी तर काही उरलंच नव्हतं. आदल्या दिवशी मीच माझ्या हातांनी जाळलं होतं. फादर म्हणाले, सुटीत बघू. मग स्नेहसंमेलन आलं, तपासणी आली, माझी बदली आली. मी विसरले. घाबरून लपवलं असतं, तर निदान काही केलं असं झालं असतं. मी नुसती विसरले. गेल्या पत्रात देवाला स्मरून लिहिलं, की ती माझ्याशी बोलली नाही. अक्षरशः ते खरं होतं. तेही आपण कॉन्व्हेंटातच शिकलो.

इथल्या वरिष्ठ मदरना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रार्थना कर, मौन पाळ, पुढचं फादर बघतील. आज्ञा मोडायची नाही ही शपथ मी एकविसाव्या वर्षी घेतली. ती मोडली तर माझ्यापाशी दुसरं काय आहे? ना घर, ना पोरंबाळं. तू सांग, मी काय करू?

तुझी,
साधना


कोळवण
गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४

चि. साधना हिस,
अ. उ. आ.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. रात्रभर उशाशी होतं. सकाळी उठून गेले रंभाबाईकडे.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं नाही. एवढंच सांगितलं, की होड्या वाचल्या गेल्या होत्या आणि मग जळाल्या. कुणी वाचल्या, ते तिनं विचारलं नाही. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, की म्हंजी माऊलीला मिळाल्याच न्हाईत. तिची चूक न्हाई मग. मी उगाच तिच्यावर राग धरून बसले. उठली, तसबीर सरळ केली, पदरानं पुसली. मला तिच्याकडे बघवेना. ती जिला माफ करत होती तिनं काही केलंच नव्हतं, आणि जिनं केलं ती माझी बहीण.

निघताना दारात म्हणाली, की सिस्टरबाईंना म्हनावं, लिवून द्या. माज्या नोकरीसाठी न्हाई, ती ऱ्हाऊ द्या. पोरीनं एवढं नीट लिवलं हुतं, ते कुनीतरी वाचलं हुतं, एवढं सरकारच्या कागदावर यिऊ द्या. न्हाईतर तिचं लिवनं वाया गेलं.

तू विचारतेस, मी काय करू. तुझं ५ तारखेचं पत्र माझ्याकडे आहे, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीचं. पौडच्या साहेबांपुढे ते ठेवलं की काम झालं. मी ते ठेवणार नाही. एकीला लिहिलेलं दुसऱ्यानं उघडायचं, यातूनच हे सगळं झालं. ते मी माझ्या हातांनी पुन्हा करणार नाही. तुला स्वतः लिहावं लागेल, साहेबांच्या नावानं.

आणखी एक. पेटीत यंदाही एक होडी आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात टाकली, असं आजी सांगते; भिंतीचंच असेल, म्हणते. मी नव्या मुख्याध्यापिकांना भेटले. त्या सभ्य आहेत आणि घाबरलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, रीत आहे तसं पंधरा तारखेला नऊ वाजता झेंडावंदनानंतर न वाचता जाळू. रीत तुझी, पुरावा पोरीचा, काडी तिसऱ्याचीच. मी त्यांना सांगून आले, की ती होडी कुणीही उघडायची नाही, मीसुद्धा नाही. सोळा तारखेला साहेबांसमोर तिची आजी ती स्वतःच्या हातांनी उघडेल. तोवर चिठ्ठ्या जाळायच्या असतील, तर पेटीपुढे रंभाबाई आणि मी बसलेल्या असू. दोघींचे गुडघे दुखतात, त्यामुळे उठवायला वेळ लागेल.

शपथेचं म्हणशील, तर आज्ञा पाळायची शपथ तू घेतलीस, विसरण्याची नाही. शाळा जाईल अशी भीती असेल, तर हेही लिहून ठेव, की शाळा भिंतीनं पडत नाही, लपवाछपवीनं पडते. त्या दिवशी बाराला सगळ्यांनी हात जोडले होते. हात जोडून झाल्यावर त्याच हातांनी काय केलं, एवढंच आता विचारायचं आहे.

घर नाही म्हणतेस. दोन खोल्या इथं आहेत. एकीत माझा खोकला असतो, दुसरी रिकामी आहे. तुला बाहेर काढलं तर सरळ कोळवणची एस.टी. धर. तुझ्याशी किती दिवस बोलणार नाही ते सांगता येत नाही, पण भात वेळेवर मिळेल.

आता नीट वाच आणि एवढं लिही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठं बसून वाचलंस. तिन्ही होड्यांत काय होतं, शब्दाला शब्द. कुणाला सांगितलंस, त्यांनी काय विचारलं, तू काय बोलली नाहीस. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. प्रार्थना पाठवू नकोस, त्या इथं पुरेशा आहेत.

लोभ मागत नाही, तो नको म्हटलं तरी जात नाही. लेखी उत्तर मागते. बुधवार, १४ ऑगस्ट, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी आक्का,
आशालता