अजून जरा चिकट आहे

८ मे, सोमवार, सकाळ

ठरलं. नातीच्या बोर्डाला शेवटचा हात मी मारणार.

नात एकोणीस वर्षांची. लाटांवर फळीवर उभं राहून घसरायचा जो खेळ असतो, सर्फिंग, तो खेळते. यंदा बोर्ड विकत न घेता तिने घरीच बनवला. थर्माकोलचा ठोकळा कापला, घासून आकार दिला, वर काचेच्या तंतूंचं कापड रेझिनने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, चिकटवलं, परत घासलं. तीन महिने गॅरेजमध्ये राबत होती. आता फक्त वरचा चकचकीत थर राहिलाय. २१ तारखेला, रविवारी, तिची पहिली स्पर्धा. दुसरा बोर्ड नाही. जुना मागच्या महिन्यात मधोमध मोडला.

मी तिला नऊ वेळा विचारलं. (ही म्हणते, सतरा वेळा.) शेवटी आज परीक्षेसाठी हॉस्टेलला निघताना ती म्हणाली, बरं आजोबा, करा तुम्ही, पण बोर्डाचं साधं रेझिन आणा आणि एकच पातळ हात मारा. गुरुवारी १८ तारखेला परत येते म्हणाली.

एकच पातळ हात. पोरीला काय कळतंय.

फर्निचरच्या कारखान्यात चाळीस वर्षं पॉलिश केलं मी. शाळा सातवीत सुटली, पण पॉलिशमध्ये माझ्याइतका शिकलेला माणूस तिथे नव्हता. मालक माझ्या कपाटांत बघून भांग पाडायचा. मात्र आमच्या डायनिंग टेबलाचं पॉलिश बिघडलं, त्या प्रकारानंतर घरात कोणी माझ्या हातात ब्रश देत नाही. त्यात चूक हवेची होती. तेव्हाच सांगितलं होतं.

९ मे, मंगळवार

रंगाच्या दुकानात गेलो. तिथला चष्मेवाला हुशार समजतो स्वतःला. मी पॉलिएस्टर रेझिन मागितलं, आमच्या वेळी तेच असायचं. तो म्हणाला, काका, ते थर्माकोलला लागलं तर थर्माकोल विरघळतो, शिवाय बोर्डावर आधीच असलेल्या एपॉक्सी रेझिनच्या थरावर ते नीट धरत नाही, तुम्हाला एपॉक्सीच लागणार. मी म्हणालो, माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.

एपॉक्सीचे डबे दोन. एक पातळ, खास बोर्डासाठी, उन्हात लवकर पिवळं पडत नाही म्हणे. डब्यावर चित्रसुद्धा नाही. दुसरं जाड, टेबलावर ओतायचं. त्याच्या डब्यावर टेबलाचा फोटो आणि टेबलात फुलदाणी उलटी दिसतेय, पाकळी न् पाकळी. मी ते घेतलं. चष्मेवाला म्हणाला, काका, हे सपाट टेबलासाठी आहे, बोर्डाच्या कडा गोल असतात, खाली ओघळेल. मी त्याला सांगितलं, ओघळ हा हाताचा दोष असतो, मालाचा नसतो. त्याने चष्मा पुसला आणि डबा पिशवीत घातला.

ही म्हणाली, आधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. मी म्हणालो, चाळीस वर्षं डबे उघडतोय. ही म्हणाली, उघडताय हो, वाचत नाही.

संकल्प: उद्या सकाळी सातला काम सुरू.

१० मे, बुधवार

सातला तयार होतो. हवा दमट वाटली. दहाला हवा सुधारली, पण शेजारी भिंतीला भोकं पाडायला लागला. धूळ येणार. दोनला तो थांबला, तेव्हा माझा डोळा लागला होता.

उद्या.

११ मे, गुरुवार

बोर्ड पुसला. परत पुसला. काल पुसलेल्या फडक्यावर विश्वास बसेना, म्हणून नवीन फडकं घेतलं. नवीन फडक्याचे धागे लागले. परत पुसला.

मुलगा ऑफिसला जाताना डोकावला. म्हणाला, बाबा, अजून सुरुवात नाही का? त्याला तयारी म्हणजे काय ते माहीत नाही. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला पुसावं लागत नाही.

१२ मे, शुक्रवार

सकाळी ८.००: झालं एकदाचं.

डब्यावर लिहिलंय, दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. हार्डनर म्हणजे ते पातळ, ज्याने रेझिन घट्ट होतं. आमच्या धंद्यात पॉलिश लवकर सुकवायचं असलं की हार्डनर थोडा सढळ हाताने घालायचा. कारखान्यात सगळे घालायचे. स्पर्धा जवळ आली आहे, म्हणून मीही थोडा जास्त घातला. मग वाटलं, थोडा म्हणजे फारच थोडा झाला. परत घातला. घट्ट व्हायला घट्ट करणारं जास्त, यात न कळण्यासारखं काय आहे?

वर ओतलं, ब्रशने पसरवलं. काय चमक. छताचा पंखा दिसला, ट्यूबलाइट दिसली, माझं नाक दिसलं. दोन मिनिटं कारखाना आठवला.

८.३०: कडेने थोडं ओघळतंय. बोटाने पुसून वर घेतलं.

८.४५: परत घेतलं.

९.१०: बादलीत उरलेलं रेझिन तापलं आणि त्यातून धूर आला. बादली अंगणात नेली. ही खिडकीतून म्हणाली, आता काय पेटवलंत? मी म्हणालो, रेझिन पक्कं होतंय.

दुपारी ४.००: बादलीतलं दगडासारखं झालं. बादलीही गेली, पण माल उत्तम आहे हे सिद्ध झालं. बोर्डावरचं अजून जरा चिकट आहे. पातळ थर, वेळ लागणारच.

१३ मे, शनिवार

सकाळी ६.०० चिकट. ६.३० चिकट. ७.०० बोट लावलं ते अलगद निघालं असं वाटलं. ७.०५ परत लावलं, नाही निघालं. ८.०० चहा. ८.१० चिकट.

संकल्प: आजपासून दर तीन तासांनी एकदाच बघायचं.

९.०० फक्त दारातून बघितलं. दारातून कळत नाही. आत जाऊन लावलं. चिकट.

१४ मे, रविवार

पंखा लावला. पंख्याने कोपऱ्यातला भुसा उडाला. नातीनेच घासलेला थर्माकोल होता तो, म्हणजे चूक कोणाची ते उघड आहे. पांढरे दाणे बोर्डावर बसले. चिमट्याने काढायला गेलो, तर बनियनची कड टेकली. बनियन सोडवताना कोपर टेकलं.

सूनबाईचा केस वाळवायचा ड्रायर आणला. वीस मिनिटं मारला. बोर्ड गरम झाला आणि जास्त चिकट झाला. ड्रायरला वास लागलाय. जागेवर ठेवून दिला.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, बाबा, माझ्या केसांना गॅरेजसारखा वास का येतोय? मी पेपर वाचत होतो.

१५ मे, सोमवार

नातीचा फोन. आजोबा, कसं झालंय? मी म्हणालो, काचेसारखं. म्हणाली, फोटो पाठवा ना. मी म्हणालो, चमक इतकी आहे की फोटोत काही येत नाही. ती हसली. म्हणाली, या वेळी हातात चांगला बोर्ड आहे आजोबा, मला अजिबात भीती वाटत नाही.

दिवसभर जेवण गेलं नाही.

गॅरेजला कुलूप लावलं. घरच्यांना सांगितलं, सरप्राइज आहे. ही म्हणाली, कोणाला?

१६ मे, मंगळवार

आजपर्यंत बोर्डाला चिकटलेल्या वस्तू: थर्माकोलचे दाणे, एक पाखरू, बनियनचा धागा, पेपरातल्या हवामानाच्या पानाचा कोपरा (पाऊस नाही असं उलटं वाचता येतं), माझा चष्मा. चष्मा निघाला. कडेचे ओघळ खाली थेंबासारखे लोंबतायत. आणि बोटांचे ठसे. किती आहेत ते मोजायला बसलो, पण मोजताना बोट ठेवूनच मोजायची सवय आहे.

बोटाची सवय वाईट. संकल्प: हात खिशात.

१७ मे, बुधवार

चष्मेवाल्याकडे गेलो. माझं म्हणून विचारलं नाही. म्हणालो, माझ्या एका मित्राचं एपॉक्सी पाच दिवस झाले तरी चिकट आहे, माल खराब असेल का? त्याने विचारलं, मित्राने हार्डनर मोजून घातला का? मी म्हणालो, मित्र अनुभवी आहे, थोडा जास्तच घातला.

तेव्हा त्याने जे सांगितलं ते लिहून ठेवतो. एपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी जोडले जातात. जितकं रेझिन तितकाच मापाचा हार्डनर लागतो. जास्त झालेल्याला जोडीला कोणी उरत नाही, तो तसाच ओला राहतो. बादलीत साचलेलं आपल्याच उष्णतेने कडक होतं, पातळ थर होत नाही. म्हणजे सढळ हात इथे चालत नाही. मग ते सुकणार कधी, मी विचारलं. तो म्हणाला, काका, ते सुकणारच नाही. खरवडून काढायचं.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. तो बाहेर आला आणि म्हणाला, मित्राला सांगा, बोर्डाचं रेझिन आणि लवकर धरणारा हार्डनर दोन्ही आहे माझ्याकडे. घेतलं. मित्रासाठी.

नातीला फोन करावा असं चार वेळा वाटलं. परीक्षा चालू आहे. उद्या येणारच आहे. परीक्षेत व्यत्यय नको.

१८ मे, गुरुवार

आली. बॅगही खाली ठेवली नाही, चावी मागितली.

दार उघडून उभी राहिली. मी मागून हवेबद्दल सांगत होतो. तिने विचारलं, हार्डनर किती घातलात? म्हणालो, अंदाजाने. अंदाजाने म्हणजे किती? म्हणालो, कंजुषी नाही केली.

 पाखराकडे बघत राहिली. मग पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, रविवार गेला, आजोबा. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी तिला नवीन रेझिनचा डबा दाखवला. ती म्हणाली, मी सांगितलं होतं ते हेच.

पाच मिनिटांनी उठली, केस बांधले, मुलाला ऑफिसमध्ये फोन केला. म्हणाली, बाबा, लवकर या, खरवडायचं आहे.

१९ मे, शुक्रवार

काल संध्याकाळपासून नात आणि मुलगा पत्र्याच्या पट्ट्यांनी खरवडतायत. आज सकाळी स्पिरिटने पुसलं, दुपारपर्यंत घासलं. सूनबाईने जुन्या चादरी फाडून फडकी दिली. ही चहा देऊन गेली. मी मदत करायला उठलो, तर नातीने खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, आजोबा, तुमचं काम म्हणजे इथे बसायचं आणि हात लावायचा नाही.

दोन तास बसलो. हात मांडीखाली घेतले.

रेझिन मिसळताना तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. मला त्यावरचा आकडा वाचायला सांगितला. शंभर ग्रॅम रेझिनला चव्वेचाळीस ग्रॅम हार्डनर, या मालाचं माप असं आहे. मी म्हणालो, पंचेचाळीस झालं तर? तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, चव्वेचाळीस.

एकच पातळ हात मारला तिने. पंखा बंद, दार बंद. सगळ्यांना बाहेर काढलं. मला सगळ्यात आधी.

२० मे, शनिवार

सकाळी ६.००: खिडकीतून बघितलं. आत गेलो नाही.

६.२०: गेलो नाही.

९.००: नात गेली, नख लावून बघितलं. कडक. लख्ख. नख निसटलं. ही म्हणाली, पोरीचा हात आजोबांवर गेलाय. नात हिच्याकडे बघून म्हणाली, नको गं असं बोलूस. सगळे हसले. मीही हसलो. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही.

संध्याकाळी एकटा गॅरेजमध्ये गेलो. बोर्डात पंखा दिसत होता, ट्यूबलाइट दिसत होती. हात खिशातच ठेवले. एवढं लिहून ठेवतो, कारण कोणी बघायला नव्हतं.

२१ मे, रविवार, संध्याकाळ

नात दुसऱ्या फेरीत बाद. ती खूश आहे. म्हणते, बोर्ड पाण्यावर छान धावला.

सकाळी सगळे समुद्रावर गेलो होतो. वाळूत बोर्ड मांडून पोरं-पोरी रांगेत बसलेली. मी आमचा बोर्ड उन्हात जरा तिरका धरला, लोकांना दिसावा म्हणून. नात म्हणाली, आजोबा, खाली ठेवा, मेण लावायचंय. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, वर पाय ठेवायचा ना, गुळगुळीत राहिला तर घसरून पडीन. सगळे लावतात.

बघितलं. सगळे लावत होते. एकाही बोर्डाची वरची बाजू चमकत नव्हती. खालची चमकते, पण ती पाण्यात असते. मी विचारलं, मग चकचकीत थर हवा कशाला होता? ती म्हणाली, आतल्या थरात पाणी शिरू नये म्हणून. चमक काय, आली तर आली.

तिचा नंबर जवळ आला होता. आंघोळीच्या साबणाएवढी मेणाची वडी तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुम्ही लावता का, मी केस बांधते. गोल गोल फिरवा, सगळीकडे, सोडू नका.

गुडघे वाळूत टेकले आणि लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कडेलाही. पहिल्याच हातात सगळं एकसारखं पांढुरकं झालं. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. आकाश दिसेना, माझं नाक दिसेना.

शेजारचा एक पोरगा थांबून बघायला लागला. म्हणाला, काका, काय हात आहे तुमचा, माझ्या बोर्डाला पण लावून द्या ना.

दुपारपर्यंत सहा बोर्ड झाले.