'एकटी'चा रकाना

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पाच महिन्यांत तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. फोन आला की 'कामात आहे, नंतर बोलते' असं कळवलं आणि ते 'नंतर' कधी येऊच दिलं नाही. कारणं द्यायला बसले तर चार सुचतात आणि चारही खोटी आहेत, म्हणून नुसती माफी मागते. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी गोळ्या वेळेवर घेतात का? मी ठीक आहे. जेवते, झोपते, खोलीत ऊन येतं.

चाळिशी उलटल्यावर हे संशोधन कसलं शिकतेस, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. बालवर्गाच्या कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर बसायचं. खुर्ची चार वर्षांच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे गुडघे हनुवटीशी येतात. एक मूल निवडायचं. रोज अर्धा तास, दर मिनिटाला मान वर करून त्याच्याकडे पाहायचं आणि तक्त्यात खूण करायची: एकटं, दुसऱ्याच्या शेजारी, की दुसऱ्याबरोबर. बोलायचं नाही, मदत करायची नाही. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, "वर्गातलं कपाट व्हा. आठवड्याभरात मुलं तुम्हाला विसरतात." कपाट होणं मला जड गेलं नाही. हे गेल्यापासून सरावच आहे.

माझ्या वाट्याच्या मुलीला सगळे मुंगी म्हणतात. साडेचार वर्षांची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तीन आठवडे तिची नोंद केली. रोज तीसपैकी वीस-बावीस खुणा 'एकटी'च्या रकान्यात. शाळेच्या मोठ्या बाईंनी तक्ता मागितला, मी दिला. आपलं काम कोणीतरी मागितलं याचं कौतुकच वाटलं मला. तो पाहून त्यांनी ठरवलं, की मुंगीला तिच्या वर्गाबरोबर पुढे पाठवायचं नाही, आणखी एक वर्ष लहान मुलांत ठेवायचं. गुरुवारी तिच्या आईवडिलांना बोलावलं आहे.

काल पडताळणी होती. म्हणजे दोघींनी एकाच वेळी तेच मूल पाहायचं, वेगवेगळी नोंद करायची आणि मग ताडून बघायचं. माझ्या जोडीची विद्यार्थिनी माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि तोंडाने फटकळ. तिच्या एकवीस खुणा 'दुसऱ्याबरोबर'मध्ये. माझ्या तेवढ्याच 'एकटी'मध्ये.

"तुम्ही कुठल्या मुलीकडे बघत होतात?"

"मुंगीकडेच."

"अहो मावशी, ती सगळा वेळ तुमच्या गुडघ्याला टेकून ठोकळे रचत होती. एक तुम्हाला दाखवला, तुम्ही मान डोलावलीत."

"मी निरीक्षक आहे. मला मोजणीत धरायचं नसतं."

"का? तुम्ही काय भूत आहात?"

ती हसली. मीही हसले, आणि मग हात धुवायच्या जागी जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

मार्गदर्शक बाईंना मी ही चूक म्हणून सांगितली. स्वतःला मोजायला विसरले, नवखेपणा, वगैरे. त्या म्हणाल्या, "होतं असं. तीन आठवडे पाण्यात गेले, एवढंच. तक्ता मागे घ्या. आणि त्या वर्गात आता बसू नका, मूल तुम्हाला चिकटलंय. दुसरी शाळा शोधू."

तुला मात्र चूक म्हणून सांगवत नाही, ताई. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या गुडघ्यावर कोपर टेकलं, तेव्हाच मला कळलं होतं. कळलं होतं म्हणून तर मी हलले नाही. खरं लिहिलं असतं, तर मला त्या खुर्चीवरून उठवलं असतं. म्हणून दर मिनिटाला मान वर करायची, ती आहे ना ते पाहायचं, आणि 'एकटी' लिहायचं. त्याआधी माणसाचा हात मला कधी लागला होता, ते आठवून पाहिलं. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांचा, जुलैत.

माझ्या त्या सुखापायी पोरीचं वर्ष जाणार आहे. माणसाजवळ जाणं तिला जमतं, हेच त्या तक्त्यात दिसायला हवं होतं.

मोठ्या बाईंकडे आजच जायला हवं होतं. गेले ती वर्गात. तक्ता कोरा ठेवून बसले. मुंगीने विचारलं, "आज लिहीत नाही?"

"नाही."

"मग हे धर," म्हणत तिने मनोऱ्याचा डळमळता भाग माझ्या हातात दिला. पंधरा मिनिटं धरून होते. तेव्हाही उठून जाता आलं असतं.

'इकडे निघून ये' असं तू दोन्ही पत्रांत लिहिलंस. या आठवड्यात तेवढं म्हणू नकोस. मी लगेच येईन, आणि हे तसंच राहील.

तुझी,
धाकटी

उद्या: शाळा भरायच्या आधी मोठ्या बाईंना भेटून, तक्ता मी जाणूनबुजून चुकीचा भरला हे सांगणे.