दारापुढची दहा मिनिटे

सोम. ७ जानेवारी १८९५
आज पुन्हा तीच व्हिक्टोरिया. नियम असा, भाड्याच्या घोडागाडीने पैसे भरून गाडीतळावर उभे राहायचे. उतारू चढवायला-उतरवायला कोणाच्या दारापुढे दहा मिनिटे माफ. ही मुगभाटात किराणा दुकानापुढे रोज चारच्या सुमारास थांबते. गाड्यांच्या कचेरीचा कारकून मी, घड्याळ लावून पाहिले, बरोबर दहा मिनिटे. उतारू कोणीच नाही. गाडीवान घोड्याचा साज उगीच सारखा करतो, मध्येच वर पाहतो.

मंगळ. ८
गाडीवानाला विचारले. नाव धोंडबा, राहणार परळ. वर सज्जात कपडे गोळा करते ती त्याची मुलगी यमुना. दुकानदार तिचा सासरा. लग्नात मानपानावरून बिनसले, तेव्हापासून याला पायरी चढायची बंदी, तिचे माहेर बंद. दोन वर्षे झाली. पायी का येत नाहीस, म्हटले. तर म्हणाला, "गाडी घेऊन थांबलो तर रस्ता सरकारचा. पायी आलो तर बोलणी तिला खावी लागतील."
उतारू नसता थांबणे नियमात बसत नाही. वहीत लिहिले नाही.

शुक्र. १८
यमुनेला दिवस गेलेत. धोंडबाने खालूनच ओळखले. तिची आई असती तर विचारपूस तरी झाली असती, म्हणाला. सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "चार वाजता तुम्ही तिकडे फिरकूच नका."

सोम. २८
सासऱ्याचा लेखी अर्ज कचेरीत. गाडीमुळे गिऱ्हाइकांना वाट राहत नाही, कारकून डोळेझाक करतो. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. नोकरीची अकरा वर्षे डोळ्यांपुढे आली.

मंगळ. २९
चारला गेलो. सासरा दुकानात उभा राहून बघत होता. मी गाडीचा नंबर लिहून घेतला. धोंडबा भांडला नाही. वर न पाहता लगाम ओढला नि गेला. ती सज्जात होती. मी वर पाहिले, ते पाहायला नको होते.

शनि. २ फेब्रु.
धोंडबाचा गाडी हाकण्याचा बिल्ला महिनाभर जप्त. मला वाटले होते आठवडा. मालकाने घोडा दुसऱ्याच्या हाती दिला. हा शिवडीला वखारीत पोती वाहतो, असे कळले.

मंगळ. १९
मुगभाटातून गेलो. दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, वैद्य जिना उतरत होते. शेजारीण म्हणाली, सुनेचे पोट पडले, ताप उतरत नाही. बापाला निरोप गेला का? तिने मान हलवली, नाही.
मी कळवायला हवे. पण कोणत्या तोंडाने जाऊ? उद्या जाईन.

बुध. २०
गेलो नाही.

गुरु. २१
कचेरीत तपासणी. संध्याकाळी धोंडबाकडे निघालो होतो, भायखळ्याहून परतलो. ताप उतरलाही असेल.

शनि. २३
यमुना पहाटे गेली. मला दुपारी कळले. तसाच शिवडीला गेलो. धोंडबाच्या पाठीवर पोते होते. त्याने ऐकले, पोते आधी थप्पीला नीट लावले, मग खाली बसला. आम्ही पोचेपर्यंत सोनापूरच्या स्मशानात सगळे आटोपले होते. सासरा आम्हाला पाहून बाजूला झाला.
सौ. जेवली नाही.

सोम. ४ मार्च
धोंडबा बिल्ला घ्यायला कचेरीत आला. सही झाल्यावर बाहेर पायरीवर बसला, मीही बसलो. म्हणाला, "रावसाहेब, ती आजारी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"
"त्याच दिवशी. शनिवारी."
"मग तुम्ही तरी काय करणार."
वर म्हणाला, एवढे लांब माझ्यासाठी धावत आलात, दुसरा कोणी आला नसता.

बुध. ६
सांगायचे ठरवून तळावर गेलो. त्याने घोड्याचा तोबरा बाजूला करून मला बसायला जागा दिली. घोडा त्याला विसरला नव्हता, तेवढेच सांगत राहिला. बोललो नाही.
सौ.चे म्हणणे, आता सांगून त्याला काय मिळणार, बोलायला उरलेला एक माणूसही जाईल. शेजारीण मात्र मुगभाटातच राहते, आणि तिने मला त्या मंगळवारी पाहिले आहे. पण त्या भीतीने सांगितले तर ते सांगणे कसले.
उद्याही तळावर काम आहे.