मायचा उजवा डोळा

अहो,

जळगावहून आलात की घरात बसू नका, तसेच धुळ्याला निघा. मायला घेऊन मी दुपारच्या एस.टी.नं मागं दाखवलं त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात जातेय. सकाळपासून उजवा डोळा लालभडक झालाय, हाताला दगडासारखा लागतो. पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही. डावा तर काचबिंदूनं आधीच नेलाय.

थेंब घालून नजर वाढत नाही, म्हणून तुम्ही औषध आणायचं बंद केलंत. अहो, नजर वाढवायला नव्हतेच ते. डोळ्यातला दाब उतरवून उरलेली नजर राखायला होते. डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. असो, आता भांडायला वेळ नाही.

म्हशीला शेजारच्या भागाबाई पाणी दाखवतील. मायचं एक लुगडं आणि गोधडी घेऊन या, दवाखान्यात ठेवून घेतील असं वाटतं.

आत्ता माय दाराची चौकट धरून बसल्यात. "हिलालले येऊ दे. तेनं तोंड एकदाव देखी लेऊ दे माले," एवढंच म्हणतात. पण तुमचं तोंड त्यांना दिसावं म्हणून थांबले तर गाडी जाईल आणि डोळाही. त्यांचे हात मलाच सोडवावे लागणार. धावत या.

पुष्पा