बिनआवाजाची गाडी

॥ श्री ॥

पुलगाव,
ता. १२ ऑक्टोबर २००८

चि. सौ. नलूस,
बंडूचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पोळ्याचं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझे कान पार गेल्यापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही. प्रफुल म्हणतो, आत्याला मोबाइलवर लिहून पाठवत जा. पण त्या बटणांवर माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी, की थोरली विकली. बारा वर्षं दारात उभी असलेली मर्सिडीज नागपूरचा एक माणूस येऊन घेऊन गेला. लग्नाच्या वरातीला भाड्याने देणार म्हणे. आपल्या आचलचा दमा वाढला, आणि डॉक्टरांनी धूर अजिबात नको असं बजावलं. थोरलीचं शेड नेमकं तिच्या खोलीच्या खिडकीखाली. प्रफुल मला विचारायला कचरत होता, मीच म्हटलं विकून टाक. नातीपुढे गाडी ती काय.

तिच्या जागी दसऱ्याला नवी आली. ही अर्धी पेट्रोलवर चालते, अर्धी बॅटरीवर. कधी कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवते, मालकाला विचारत नाही. ब्रेक दाबला की म्हणे वीज परत गोळा होते. समोर एक काटा आहे, तो हिरव्या पट्ट्यात गेला की प्रफुल असा खूष होतो, की जणू जिनिंगमध्ये कापसाला वरचा भाव मिळाला. बसायला मऊ आहे, वळायला हलकी आहे. पण दार लावलं तर टिनाच्या डब्याचं झाकण लावल्यासारखं वाटतं. थोरलीचं दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखं वाटायचं.

पूजेला काय झालं ते ऐक. आपली पद्धत तुला ठाऊक आहे. चाकाखाली लिंबं ठेवायची, गाडी चालू झाल्याचा आवाज आला की नारळ फोडायचा. मी नारळ डोक्याच्या वर धरून उभा. आवाज काही येईना. हात भरून आले. तेवढ्यात भटजींनी एकदम उडी मारली. पाहतो तर लिंबं केव्हाच चिरडली होती आणि गाडी माझ्या गुडघ्याला येऊन टेकली होती. तसाच मागे सरून नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट. प्रफुल चालवत होता, मी मागच्या सीटवर बसून बाजारात निघालो. रेल्वे फाटक बंद होतं. थांबलो, आणि इंजिन मेलं. जरासुद्धा आवाज नाही. प्रफुल फोनवर कुणाशी बोलत होता. त्याला सांगितलं, बॅटरी बसली, तर त्याने नुसता हात हलवला. मी उतरलो. मागच्या कापसाच्या ट्रकवरचे चार हमाल बोलावले. फाटक उघडल्याबरोबर चौघांनी जोर लावून धक्का मारला. गाडी आपली आपणच सुळकन निघून गेली, चौघे हातांवर पडले आणि मी रुळांच्या अलीकडे एकटा. त्यातला एक हात झटकत म्हणाला, "बंडूजी, गाडी तं गेली. तुमी काऊन राह्यले मांगं?"

बाजारातली माणसं अजून हसून राहिली असतील. त्या दिवशी ठरवलं, त्या गाडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. म्हणून आधीच कळवतो, यंदा भाऊबीजेला तुला आणायला प्रफुल एकटा येईल.

प्रभाकररावांना नमस्कार, लहानमोठ्यांना यथायोग्य. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
बंडू


॥ श्री ॥

वडनेर,
ता. १६ ऑक्टोबर २००८

ती. भाऊंस,
नलूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. हमालांचा भाग मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. निदान माझ्या मते मोठ्याने. हे इतके हसले की चहा सांडला, धोतर बदलावं लागलं. आचलसाठी गाडी विकली हे फार चांगलं केलं. पोरीला पहाटेच्या गार हवेत बाहेर काढू नका.

पण शेवटची ओळ मी वाचली नाही असं समजते. प्रफुल माझा लाडका आहे, पण तो भाचा. बाबांनी काय घालून दिलं होतं? भाऊबीजेला बहिणीला आणायला भावाने स्वतः जायचं. आधी तुम्ही बैलगाडीने आलात, मग एस.टी.ने, मग स्कूटरवर पाठीला चटके घेत आलात. माझ्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, एकदाही खंड नाही. वहिनी गेल्या त्या वर्षीसुद्धा तुम्ही आलात.

पेटीत तुमचं शहाण्णव सालचं पत्र सापडलं. "नलू, मर्सिडीज घेतली. यशोदा म्हणते, एवढ्या मोठ्या गाडीत बसायचं तर मला नवं लुगडं पाहिजे." तेव्हा तुम्हाला ती गाडीही नको होती, आठवतं का? सगळं गाव कापूस विकायला येतं आणि मी या राजवाड्यातून उतरू का, असं लिहिलं होतं. महिनाभर तुम्ही ती फाटकाच्या आत उभी ठेवली होती. तुम्हाला कुठलीच नवी वस्तू पहिले सहा महिने चालत नाही, मग तिच्यावाचून तुमचं चालत नाही.

आवाज नाही म्हणून तक्रार करता, तर मला विचारा. माझ्यासाठी सगळ्याच गाड्या बिनआवाजाच्या. तरी थोरली आली की मला कुणाच्याही आधी कळायचं. ती वेशीतून आत वळली की फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या, ओसरीची फरशी तळपायाला गुणगुणायची. मी हात पुसून ओवाळणीचं ताट घ्यायचे. ही नवी आली तर मला कळणारही नाही, ते मात्र खरं.

तुम्ही येणार नसाल तर मीही येणार नाही. एकदा खंड पडला की पडला भाऊ. मी चौसष्टची आहे, तुम्ही बहात्तरचे.

ममता असू द्यावी.

आपली
नलू


॥ श्री ॥

पुलगाव,
ता. २० ऑक्टोबर २००८

चि. सौ. नलूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लहानपणापासून हट्टी. तुझ्याजवळ खोटं बोलून उपयोग नाही. लोकांनी हसण्याचं कारण मी पुढे केलं, पण ते काही खरं कारण नाही.

यशोदा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी दहा मिनिटं थोरलीत बसत होतो. घरी सांगायचो, बॅटरी बसू नये म्हणून चालू करतो. स्टिअरिंगवर हात ठेवायचो आणि डाव्या सीटकडे पाहायचो नाही. पाहिलं की ती नाही हे दिसतं. न पाहता बसलं, इंजिनाची घरघर चालू असली, की ती शेजारी आहे असं वाटायचं. डोकं टेकायच्या जागी तिच्या तेलाचा डाग होता. जास्वंदीचा वास येत होता, मागच्या वर्षापर्यंत तरी. तीन वर्षं हेच केलं. त्याचाच धूर वर आचलच्या खोलीत जात होता, नलू. मला हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. म्हणून विकली. प्रफुलला यातलं काही ठाऊक नाही, तूही सांगू नकोस.

आता या नव्या गाडीत बसलो की काहीच ऐकू येत नाही, आणि शेजारी कुणीच नाही हे पहिल्यांदा पक्कं कळतं. त्या हमालाने मला विचारलं, गाडी गेली, तुम्ही का राहिले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मला रात्रंदिवस तेच ऐकू येऊन राहिलं आहे.

तुला आणताना थोरलीत आपण तिघं असायचो. हिंगणघाट सुटलं की यशोदा मागे वळून म्हणायची, "नलू, म्हण नं वो आईचं गाणं, रस्ता लंबा हाये." आई जात्यावर म्हणायची ते. तू म्हणायचीस आणि ती ताल धरायची. मग तुझे कान गेले. सूर कुठे जातो ते ऐकू येत नाही, लोक हसतील, असं म्हणून तू गाणं सोडलंस. आठ वर्षं झाली. तुझं गाणं गेलं, यशोदा गेली, आता थोरलीचा आवाजही गेला. इतकं सगळं गेल्यावर त्या रस्त्याने मी कसा येऊ?

एस.टी.ने यावं तर गुडघे चढू देत नाहीत. प्रफुल येईल. म्हाताऱ्या भावाला समजून घे.

तुझा
बंडू


॥ श्री ॥

वडनेर,
ता. २३ ऑक्टोबर २००८

ती. भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. आचलच्या दम्याचा दोष स्वतःवर घेऊ नका. तुम्हाला कळलं आणि तुम्ही गाडी विकलीत, बस झालं. वहिनींच्या आठवणीने मीही रडले. पण माझं उत्तर बदललेलं नाही.

तीस तारखेला मी दहापासून ताट तयार ठेवीन. निरांजन, सुपारी, तुम्हाला आवडतात तसे बेसनाचे लाडू. तुम्ही आलात तर तुम्हाला ओवाळीन. नाही आलात तर अंधार पडल्यावर अंगणात जाऊन चंद्राला ओवाळीन. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसंच करतात.

जिव्हाळा असावा.

आपली
नलू


॥ श्री ॥

पुलगाव,
ता. ५ नोव्हेंबर २००८

चि. सौ. नलूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल प्रफुल तुला सुखरूप पोचवून आला. पाच दिवस घर भरलेलं होतं, आज चहाचे कपही जास्त वाटतात. आचल विचारते, आत्याआजी परत केव्हा येणार.

तुला एक सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही. तुला सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, गल्लीतल्या चार घरांना ऐकू जातं. ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हती.

तुझं चंद्राचं वाचलं आणि हातातला घास ताटात ठेवला. बहिणीने चंद्राला ओवाळावं, आणि मी इथे जिता बसलेला? तीस तारखेला सकाळी आंघोळ करून गपचूप गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. प्रफुल शहाणा पोरगा आहे. त्याने डावीकडचं पुढचं दार उघडलं. ती यशोदेची बाजू. थोरली नेहमी मीच चालवली, म्हणून बारा वर्षांत मी त्या बाजूला कधी बसलोच नव्हतो. क्षणभर थबकलो आणि बसलो.

नलू, त्या बाजूने सगळं वेगळंच दिसतं. मला आजवर रस्ता दिसला, समोरचे ट्रक दिसले. ती काय पाहत बसायची ते आता कळलं. वेचणीच्या बाया, विहिरी, धुऱ्या-बांधांवरची बोरीची झाडं. "ते पाहा नं" असं ती म्हणायची, आणि मी समोरची नजर हलवायचो नाही. या वेळी सगळं पाहिलं. काच खाली केली तर वावरातल्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. थोरलीत बसून मी कधी बाहेरचं ऐकलं नव्हतं.

तुमच्या गल्लीत वळलो आणि इंजिन आपोआप बंद झालं. गाडी बॅटरीवर नुसती सरकत राहिली. वाटेतला कुत्रासुद्धा उठला नाही. मी हळूच उतरलो. तू ओसरीवर दाराकडे पाठ करून वाती वळत होतीस. ताटल्या हलल्या नाहीत, फरशी गुणगुणली नाही. तुला कळलंच नाही.

तू गात होतीस. आईचं गाणं.

मी खांबाला धरून उभा राहिलो. प्रफुलला हाताने थांबवलं. तू सगळं म्हटलंस, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मांडीवर बोटांनी ताल धरला होतास, यशोदा धरायची तसा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मग तू वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "भाऊ, कवा आले? मले समजलंच नाई." मी खोटं बोललो. आत्ताच आलो, असं खूण करून सांगितलं. आणि डोळ्यांत कचरा गेला म्हटलं ते तुला खरं वाटलं.

थोरली असती तर तू वेशीपासूनच गप्प झाली असतीस. आठ वर्षं मी येत होतो आणि माझीच गाडी तुझं गाणं बंद करत होती. मला वाटलं होतं, सगळं गेलं.

प्रभाकररावांच्या खोकल्याला अडुळसा द्यावा. भावावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा
बंडू


॥ श्री ॥

वडनेर,
ता. ९ नोव्हेंबर २००८

ती. भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आज यांना वाचून दाखवलं नाही. दुपारी एकटीने वाचलं, मग परत वाचलं. आधी फार लाज वाटली. घरात कुणी नसलं की मी गुणगुणते, ते तुम्ही चोरासारखं उभं राहून ऐकलंत. या वयात शोभतं का तुम्हाला?

मग दिवसभर एकच मनात येत राहिलं. कुणाला विचारायचीही सोय नव्हती, इथे सगळे माझं मन राखायला हो म्हणतात. तुम्ही म्हणणार नाही. म्हणून खरं खरं लिहा, सुरात होतं का?

अडुळसा दिला, खोकला कमी आहे. आचलला तीळ-गूळ पाठवते आहे. गाडी प्रफुलला जपून चालवायला सांगा, आणि त्याच बाजूला बसत जा.

पुढच्या भाऊबीजेला आलात की लगेच हाक मारू नका, खांद्यावर हातही ठेवू नका. आधी थोडा वेळ दारात थांबा.

आपली
नलू