डेलिया टार्पीची जागा

मी, ॲट्रॅक्टा मल्व्हिहिल, वय एकाहत्तर, अविवाहित, किलकोरन गावच्या ‘तीन बगळे’ या पबची मालकीण, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहिते आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला. माझा भाऊ मॅलकी याचं मत वेगळं आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. मॅलकीला वडिलांचं घड्याळ. १९५८ साली दुरुस्तीला म्हणून त्याने नेलं, ते त्याच्याकडेच आहे. आता ते चोरीचं राहणार नाही.

२. पब आणि वरच्या खोल्या मॅलकीचा मुलगा फिंटन याला. मात्र कलम ३ पाळलं तरच.

३. आमच्या तळघरातल्या ‘ओल्या बाई’ची गोष्ट यापुढे कुणी सांगू नये. प्रेमात फसलेली मोलकरीण, नदीत उडी, पायऱ्यांवर ओली पावलं. चाळीस वर्षं मीच ती रंगवून सांगितली. लोक लांबून ऐकायला यायचे.

ती डेलिया टार्पी. आमच्याकडे कामाला होती, वय एकोणीस. १९३१च्या पुरात वडील तिला म्हणाले, “पुलावरून कशाला वळसा? नदीच्या उथळ उतारातून जा, लवकर येशील.” मी आठ वर्षांची, जिन्यात बसून ऐकत होते. ती बुडाली. अपघाती मेलेल्याला चौकशी होईपर्यंत जवळच्या पबात ठेवायचा तेव्हा कायदाच होता, कारण तळघर थंड. म्हणून ती आमच्याच पिंपांशेजारी दोन दिवस होती. चौकशीही आमच्याच पबात झाली. वडिलांनी शपथेवर सांगितलं, “तिला कुणी पाठवलं नव्हतं.” मग आत्महत्या ठरली, आणि तशांना आत जागा नसायची म्हणून तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं.

मठाच्या शाळेत सिस्टरांनी मला वळणदार अक्षर शिकवलं आणि खरं बोलणं. अक्षर तेवढं टिकलं.

फिंटन म्हणाला, “आत्या, भूत गेल्यावर गिऱ्हाईक काय तुझं तोंड बघायला येणार?”

“येत होते रे, एके काळी.”

“मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

“तिची बहीण जिवंत आहे. आपलं दार टाळायला ती त्रेसष्ट वर्षं रस्ता ओलांडते.”

४. दफनभूमीत पूर्वेच्या भिंतीलगत मी स्वतःसाठी घेतलेली जागा डेलियाला द्यावी. फादर तयार आहेत. दगडावर नाव, वय, आणि ‘मालकाने पुरात पाठवली’ एवढंच. भिंतीबाहेरची जागा मग रिकामी होईल. मला तिथे ठेवावं.

५. बचत यासाठीच खर्चावी. उरेल त्यातून पबचं गळकं छप्पर.

साक्षीला फादर डोनलन आणि डेलियाची बहीण फिलोमिना यांना बोलावलं. फिलोमिनाही आली. उभ्यानेच सगळं वाचलं. म्हणाली, “सही करते. माफ केलं असं समजू नकोस, ॲट्रॅक्टा.” मग म्हणाली, “तिला कुठे ठेवलं होतं, दाखव.”

मी दिवा घेऊन उठले. तिने दिवा माझ्या हातातून घेतला आणि एकटीच खाली गेली. अर्धा तास झाला. फिंटन दोनदा हाक मारायला निघाला. मी त्याला बसवलं. ती वर येईपर्यंत सही करायची नाही, असं मी ठरवलं आहे.

आली. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सही केली.

ॲट्रॅक्टा मल्व्हिहिल
साक्षीदार: फादर डोनलन
साक्षीदार: फिलोमिना टार्पी, डेलियाची बहीण

किलकोरन, ९ मार्च १९९४