कोरडी भांडी

आई, "भांडी कोरडी कशी?" एवढंच तू विचारलं होतंस. आवाजही चढवला नव्हतास. मी दहा वर्षांची होते, हातात सात-आठ ताटांची चळत होती, आणि तू स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात पोत्यावर बसली होतीस, कारण तुझे ते तीन दिवस होते. एरवी कामाच्या मावशी मागच्या अंगणात भांडी घासून पालथी घालायच्या, मग तू तांब्या घेऊन बाहेर जायचीस, प्रत्येक भांड्यावर वरून पाणी घालायचीस, आणि त्यानंतरच भांडी आत यायची. तू बाजूला बसलीस की ते काम माझं. त्या दिवशी ऊन कडक होतं. राखेनं घासलेली ताटं चकचकीत होऊन वाळूनसुद्धा गेली होती, आणि मला अगदी मनापासून वाटलं की आता यांना आणखी काय धुवायचं. मी ती उचलली आणि तुझ्यासमोरून आत निघाले. तू ताटांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि ते वाक्य बोललीस.

"सगळी परत बाहेर ने." मी नेली. मावशी अजून अंगणातच होत्या, पदराला हात पुसत. त्यांना वाटलं, कुठे खरकटं राहिलं. "द्या बाई इकडं, परत घासते," त्या म्हणाल्या. बोळातून तुझा आवाज आला, "घासायची नाहीत मावशी, नुसतं पाणी घालायचंय." मावशी "बरं" म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या, म्हणजे शिंतोडे त्यांच्यावरून ताटांवर जाऊ नयेत. मी एकेका ताटावर पाणी घालते आहे आणि त्या बघताहेत. त्यांनीच घासलेली ताटं. मी मान वर केली नाही. मग आत आले तेव्हा तुला तहान लागली होती. तू ओंजळ पुढे केलीस आणि मी त्याच तांब्यानं, तुला स्पर्श होणार नाही अशा उंचीवरून, तुझ्या ओंजळीत पाणी घातलं. ताटांवर घातलं होतं तसंच. तुझ्या हे लक्षात आलं होतं का, हे मला तुला कितीतरी वर्षं विचारायचं होतं. तू गेलीस तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि तोवर विचारायचं धाडस झालं नाही.

तू दुष्ट नव्हतीस. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते तुला सांगताना संकोच वाटत नाही. मावशींच्या बाळंतपणात तू डिंकाचे लाडू वळून पाठवलेस. दिवाळीला त्यांना साडी द्यायचीस ती जुनी कधीच नसायची. दुकानात जाऊन, पदर उलगडून, पोत हाताला लावून घ्यायचीस. फक्त ती साडी देताना हात थोडा उंच धरायचीस आणि वरून त्यांच्या पदरात सोडायचीस. मावशींची जात कुठली हे तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. ऐकायची गरजच पडली नाही. पाणी होतं ना.

आता तुला आपलं घर ओळखू येणार नाही. अंगण गेलं. त्या जागेवर चार मजली इमारत आहे, खालच्या दोन मजल्यांवर यजमानांच्या खोल्या, तिसऱ्यावर आम्ही. दादा अप्पांसारखाच पहाटे रामकुंडावर जातो, विधी करून यजमानांना जेवायला घरी आणतो. फरक एवढाच की आता ते आधी फोटो काढतात आणि मग आचमन करतात. अप्पा आता कुठे जात नाहीत, खिडकीजवळ बसतात. मी लग्न केलं नाही. बँकेत नोकरी केली, आणि तीन वर्षांपूर्वी ती सोडून हे स्वयंपाकघर हातात घेतलं. मावशी त्याच्या आधीच गेल्या. आता त्यांची सून येते. ती माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, तिचा नवरा एकलहऱ्याला वीजकेंद्रात कंत्राटावर आहे. मी आल्यावर पहिलं काम हे केलं की दुपारी ती आमच्याबरोबर टेबलाशी जेवायला बसेल, आमच्याच ताटात. दुसरं काम, भांडी धुवायचं मशीन घेतलं. वहिनीला दुसरं आवडलं, पहिलं आवडलं नाही, पण दोन्ही तिनं चालवून घेतलं.

त्या मशीनचं तुला सांगायलाच हवं. तुझी पितळी पातेली त्यात चालत नाहीत, काळवंडतात. ती अजून चिंच लावून हातानंच घासावी लागतात. पण स्टीलची ताटं आणि वाट्या आत उभ्या लावायच्या, साबणाची एक वडी टाकायची, दार लावायचं. तास-दीड तासानं उघडलं की वाफेचा एक लोट तोंडावर येतो, आणि भांडी गरम असतात, स्वच्छ असतात, आणि कोरडी असतात.

भांडण गेल्या उन्हाळ्यात सुरू झालं. दादा म्हणाला, "सिंहस्थ तोंडावर आलाय. पंगती वाढणार. एका मशीननं काय होणार? दुसरं घेऊ." मी म्हटलं, घेऊ. मला त्यात काहीच दिसलं नाही. मग वहिनी वाटी पुसता पुसता म्हणाली, "म्हणजे एक यजमानांचं आणि नैवेद्याचं ठेवता येईल. आणि एक आपलं, घरातलं आणि कामाच्या माणसांचं." मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, यजमान विचारतात. परवा एक बाई विचारत होत्या, तुमच्याकडे सगळं सोवळ्यात ना? काय सांगायचं मी त्यांना?"

"सांग, सोवळ्यात नाही, सत्तर डिग्रीच्या पाण्यात."

दादा हसला. "तू बँकेत होतीस तेच बरं होतं. तिथे निदान मध्ये काच होती." पण मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर तुझा तांब्या आला, आता विजेवर चालणारा, दरवाजा असलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. मी म्हटलं, "दुसरं मशीन येणार नाही. लागतच नाही आपल्याला." आणि ते सिद्ध करायला मी महिनाभर दिवसातून दोन फेऱ्या स्वतः लावल्या, ताटं अशी घट्ट बसवली की सुरी ठेवण्याइतकीसुद्धा जागा वाया जाऊ नये. तरी भांडी उरायची. रोज उरायची. उरलेली सिंकमध्ये जायची.

एका दुपारी मावशींची सून सिंकपाशी उभी होती, मनगटानं घाम पुसत. म्हणाली, "ताई, एक बोलू? राग नका धरू."

"बोल ना."

"तुमच्या घरात भांडताय तुम्ही, घासतेय मी." आणि ती हसली, अगदी मावशींसारखी, तोंडावर पदर धरून. "घेऊन टाका दुसरं. माझी कंबर रोज धरती. आन् हे मशीन त्याचं, ते मशीन ह्याचं, वैनी म्हणतात ते. भरनार कोन हाय दोन्ही? मीच ना?"

आई, त्या क्षणी मला तिच्यापुढे लाज वाटलीच, पण त्याहून जास्त मी तुझी मुलगी असल्याची वाटली. तत्त्व माझं होतं आणि कंबर तिची. बोळात बसून तू नियम सांगायचीस आणि ताटं दुसरं कुणी वाहायचं, ते याहून किती वेगळं होतं?

पुढच्याच आठवड्यात मी कॉलेज रोडवरच्या दुकानातून दुसरं मशीन आणलं. माणसानं ते पहिल्याच्या शेजारी ओट्याखाली बसवलं, नळी जोडली, चाचणीची एक फेरी लावून दाखवली. वहिनीनं त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, हळद-कुंकू वाहिलं, दादानं नारळ फोडला. पहिलं आणलं तेव्हा यातलं काही झालं नव्हतं, त्यामुळे कुठलं मशीन कुणाचं हे न बोलताच ठरल्यासारखं झालं. मग आम्ही जेवायला बसलो. जेवून मावशींची सून ताट घेऊन उठली आणि सवयीनं जुन्या मशीनकडे वळली. मी तिच्या हातातून ते ताट घेतलं, नव्याचं दार उघडलं आणि पुढच्या रांगेत पहिलं लावलं. त्याच्या शेजारी दादाचं, मग माझं, मग वहिनीचं. बटण दाबलं.

दादा नळाखाली हात धूत होता. न वळता म्हणाला, "हे मुद्दाम केलंस."

"हो. मुद्दाम."

"आईनं हे चालवून घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं. मी काय तिला विचारून केलं?"

दादानं नळ बंद करून हात पुसले. मग म्हणाला, "बरं, खोबरं तरी वाट सगळ्यांना," आणि त्यानं पहिला तुकडा उचलून मावशींच्या सुनेपुढे धरला. पुढे, वरून नाही. ते त्यानं मुद्दाम केलं की सहज, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी तुला लिहायला बसले नसते. आता पितृपक्ष आलाय. अप्पा आहेत, म्हणून तुझी अविधवा नवमी अजून होते. दरवर्षी तुझ्या नावानं एक सवाष्ण जेवते, तिच्या पायावर पाणी घालायचं, ओटी भरायची, तुला आवडायची ती पुरणपोळी तिला वाढायची. ती जेवली म्हणजे तू जेवलीस. आजवर चुलतघरातली एखादी सून यायची. या वर्षी मी ठरवलं की मावशींच्या सुनेला बसवायचं. तुझी ताटं इतकी वर्षं कुणाच्या हातांनी स्वच्छ झाली? मग तुझ्या पाटावर बसायचा त्या घराइतका हक्क दुसऱ्या कुणाचा आहे? मी अप्पांना सांगितलं. त्यांनी खिडकीतून नजर आत वळवली. म्हणाले, "मला विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणावं लागेल." म्हणून मी विचारलं नाही. वहिनी म्हणाली, "तुम्हीच वाढा मग." वाढेन. त्यांच्याशी मी भांडू शकते, त्यांची मला भीती नाही.

पण मावशींच्या सुनेनंच नाही म्हटलं. मी नवमीचं सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली. "मी नाय बसनार, ताई."

"का पण?"

"मोठ्या बाईंना चाललं असतं?"

मला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, "मग? सासू सांगायची मला, बाई लय जीव लावायच्या, पन पानी घातल्याबिगर भांडं आत नाय घ्यायच्या. त्यांच्या नावाचं जेवन हाय ते, तुमच्या नाय. आधी त्यांना विचारा. त्या हो म्हनल्या तर मी येते, नवी साडी नेसून येते." आणि पुन्हा हसली, पण या वेळी पदर तोंडावर धरला नाही.

म्हणून हे पत्र. ती म्हणाली विचारा, म्हणून विचारते आहे. नाहीतर मी तुझ्या परवानगीशिवाय पुष्कळ केलं आहे आणि यापुढेही करणार आहे. दोन्ही मशीनमध्ये सगळ्यांची ताटं जातील, यजमानांची, तिची, माझी, कुठलंही कशातही. स्वस्तिक वाफेनं पुसट झालंय, मी ते परत काढू दिलेलं नाही. यात मी मागे हटणार नाही, तू स्वप्नात येऊन सांगितलंस तरी.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. परवा सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा वहिनी नव्या मशीनमधून नैवेद्याचं ताट काढून सिंकवर धरून उभी होती आणि हळूच त्यावर तांब्यानं पाणी घालत होती. तिनं मला पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तीन वर्षांपूर्वी पहिल्या मशीनची पहिली फेरी झाली, घरात कुणी नव्हतं, मी दार उघडलं, ती गरम कोरडी ताटं पाहिली, आणि माझा हात आपोआप तांब्याकडे गेला होता. मी पाणी घातलं होतं आई. एकाच ताटावर, पण घातलं. मग ते ताट पुसून, कोरडं करून, बाकीच्यांत मिसळून टाकलं, म्हणजे मलाही ओळखू येऊ नये.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. मशीनच्या वॉरंटी कार्डाखाली ड्रॉवरमध्ये राहील. नवमीला मी पाट मांडणार आहे, रांगोळी काढणार आहे, ताट मशीनमधून काढून तसंच कोरडं ठेवणार आहे, वर एक थेंब पाणी न घालता. तिला मी खोटं सांगणार नाही, तू हो म्हणालीस असं, पाट रिकामा राहिला तरी. म्हणून तूच ये, तिच्या हातानं घास घे, आणि त्या ताटाकडे बघून एकदाही विचारू नकोस, भांडी कोरडी कशी. मला माहीत आहे तू नाही म्हणशील. तरी ये.